दातातील मूलपेशी आणि नवे हाड

दाताच्या कठीण कवचाआड मऊ गर असतो. या गरात मूलपेशी, म्हणजेच स्टेम सेल असतात. अमेरिकेतील संशोधकांनी २००० मध्ये अक्कलदाढेच्या गरातून, तर २००३ मध्ये मुलांच्या पडलेल्या दुधाच्या दातांतून त्या वेगळ्या केल्या. योग्य पोषण मिळाले की या पेशींपासून हाड घडवणाऱ्या पेशी तयार होतात.

मात्र नुसत्या पेशी सोडून भागत नाही. त्यांना धरून ठेवायला आधार लागतो. स्लॅब ओतण्याआधी जालन्याच्या सळयांची जाळी बांधतात, तसाच हा आधार. तो कोलॅजनच्या स्पंजचा किंवा कॅल्शियम फॉस्फेटचा असतो. पेशी त्यावर रुजतात, क्षार साठवतात. हाड भरत जाते, तसा आधार हळूहळू विरघळतो. जालन्याची सळई स्लॅबमध्ये कायम राहते, एवढाच फरक. इटलीत अक्कलदाढ काढल्यावर जबड्यात उरलेली पोकळी अशा रीतीने भरल्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. पिंपरीच्या डॉ. डी. वाय. पाटील दंत महाविद्यालयातही दातांच्या मूलपेशींवर संशोधन झाले आहे.

ही पद्धत नेहमीच्या उपचारांत अजून आलेली नाही. पुढे वापरण्यासाठी पेशी साठवून ठेवण्यावरही मर्यादा आहे: भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनी फक्त नाळेतील रक्त साठवण्यास मुभा दिली. दातांच्या पेशी साठवणाऱ्या बँकांना नाही.