घोर आणि विरंगुळा



ख्रिस्ती घरांमध्ये भिंतीवर एक कॅलेंडर असतं, वचनाचं कॅलेंडर. त्यावर हमखास छापलं जाणारं एक वचन प्रेषित पौलानं फिलिप्पै गावच्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पत्रातलं आहे. कशाचीही चिंता करत बसू नका, जे हवं ते देवाला सांगा, आणि सांगताना आभारही माना, असा त्याचा भाव. पौलानं हे लिहिलं तेव्हा तो कैदेत होता, म्हणून त्याच्या बोलण्याला वजन आहे. पण कॅलेंडरवाले एक गडबड करतात. ते हे वचन छापतात आणि तिथंच थांबतात. दोनच ओळी पुढे पौल म्हणतो की जे खरं आहे, निर्मळ आहे, कौतुक करावं असं आहे, तिकडे मन लावा, आणि मी शिकवलं ते हातानं करत राहा. चिंता देवाच्या स्वाधीन केल्यावर रिकाम्या झालेल्या मनाचं काय करायचं, याचं उत्तर त्या पुढच्या ओळींत आहे. मला आज त्या न छापलेल्या ओळींबद्दल बोलायचं आहे.

मी वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलो. बीडीडी म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. ते १९२० साली स्थापन झालं आणि पुढच्या काही वर्षांत त्यानं वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीला या चाळी बांधल्या. वरळीत १२१ इमारती. तळमजला आणि वर तीन मजले, एका इमारतीत ऐंशी खोल्या, खोली एकशे साठ चौरस फुटांची. सविनय कायदेभंगाच्या दिवसांत सरकारनं यांतल्या काही इमारतींचा तुरुंग केला होता आणि सत्याग्रहींना तिथं डांबलं होतं. तेव्हा कैदेतून आलेलं पत्र वाचायला ही जागा काही वावगी नाही.

आमच्यासारखी मराठी ख्रिस्ती घरं चाळीत थोडी. बरीचशी नगर जिल्ह्याकडून गिरणीच्या ओढीनं आलेली. शेजार बौद्धांचा, मराठ्यांचा, कोकणातल्या मंडळींचा. नाताळात आमच्या घरच्या करंज्या-चकल्या सगळ्या मजल्यावर जात आणि गणपतीत मोदक आमच्याकडे येत. आणि जिवाला घोर लागायचा तो सगळ्यांना सारखाच. पगार पुरेल का, पोराला ॲडमिशन मिळेल का, गावच्या जमिनीच्या केसचं काय होणार. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि घोराला तोंड फुटलं. आमच्या घरी संध्याकाळची प्रार्थना तेव्हा लांबत गेली. प्रार्थना आटोपली की आई पोळपाट पुढे ओढायची आणि पापड लाटायला बसायची. पैशांसाठी तर होतंच ते. पण शेजारणी येऊन टेकायच्या, चार लाटण्यांचा आवाज सुरू व्हायचा, आणि तासाभरानं तिचा चेहरा बदललेला दिसायचा. प्रार्थनेनं बदलला की पापडांनी, हे मी कधी विचारलं नाही. तिनंही तो हिशेब वेगळा काढला नसता.

चिंता वाटते म्हणजे विश्वास कमी पडतो, असं म्हणणारे काही श्रद्धाळू लोक असतात. मला त्यांचा राग येतो. अटक झाली त्याच रात्री, तिच्याआधी, गेथशेमाने बागेत खुद्द येशूचा जीव कासावीस झाला होता. घामाच्या धारा रक्तासारख्या जमिनीवर पडत होत्या, असं लूकच्या शुभवर्तमानात लिहिलं आहे. त्यानं प्रार्थना तर केलीच, पण त्याआधी तीन मित्रांना सांगितलं की इथं थांबा, माझ्याबरोबर जागे राहा. ते झोपले, ही गोष्ट वेगळी. सोबत मागायला त्याला कमीपणा वाटला नाही, एवढंच मला सांगायचं आहे.

जुन्या करारातला एलीया संदेष्टा घ्या. राणी ईजबेलनं जिवे मारण्याची धमकी दिली तेव्हा तो रानात पळाला, एका झुडपाखाली बसला आणि देवाला म्हणाला, आता पुरे, माझा जीव घे. देवानं त्याला उपदेश केला नाही. आधी त्याला झोप लागू दिली. मग देवदूतानं हलवून उठवलं, तर उशाशी गरम भाकर आणि पाणी. तो जेवला, पुन्हा झोपला. पुन्हा उठवलं, पुन्हा जेवू घातलं. मग लांबची पायपीट करायला लावली, त्यानंतर त्याचं गाऱ्हाणं ऐकून घेतलं, मग अंगावर काम टाकलं, आणि तू एकटा नाहीस, तुझ्यासारखे सात हजार आहेत, हेही सांगितलं. झोप, जेवण, चालणं, मन मोकळं करणं, काम, माणसं. आज मनोविकारतज्ज्ञाकडे गेलात तर औषधाआधी तो जवळपास हेच विचारतो.

मराठी ख्रिस्ती माणूस या विषयावर बोलू लागला की लक्ष्मीबाई टिळकांपाशी येणारच. त्यांचं 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र पुष्कळांनी वाचलं आहे, पण काळजीचं पुस्तक म्हणून ते कोणी वाचत नाही. मी तसं वाचतो. लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचं वेड होतं. सत्तावन्नच्या बंडात जवळच्या नातलगाला इंग्रजांनी फाशी दिलं, त्या धक्क्यानं ते जडलं. मग घरात येणारी प्रत्येक वस्तू धुवायची. मीठ धुवायचं, साखरसुद्धा धुवायची. धुतलेल्या साखरेतलं उरायचं किती, याचा विचार करा! लक्ष्मीबाई ते इतक्या मजेत सांगतात की आपण हसतो आणि पुढे जातो. पण थांबून बघितलं तर ती घाबरलेल्या मनाची गोष्ट आहे. भीतीवर त्या माणसानं उपाय शोधला होता, आणि त्या उपायानं सगळं घर वेठीला धरलं होतं. काळजी विसरायला माणूस जे करतो ते सगळंच चांगलं असतं असं नाही, याचा याहून ठसठशीत दाखला मला माहीत नाही.

पुढे नारायण वामन टिळकांशी लग्न झालं. टिळक मोठे कवी आणि तितकेच लहरी. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांना ओढून नेलं ते येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनानं, ज्यात पाखरांकडे आणि रानफुलांकडे बघा, उद्याचा घोर उद्यावर सोडा, असं सांगितलं आहे. उद्याचा घोर टिळकांनी सोडला आणि तो सगळा आला बायकोच्या वाट्याला. पदरात लहान मुलगा, समाजाचा बहिष्कार, नवरा दुसऱ्या धर्मात. पुढची काही वर्षं त्या टिळकांपासून दूर, नातलगांच्या आधारानं राहिल्या. त्या विरहाच्या दिवसांत त्या कविता करू लागल्या. शाळेत न गेलेली ही बाई, पण कविता करू लागली. पुढे त्या टिळकांकडे नगरला गेल्या, तरी आधी सोवळं-ओवळं सांभाळत, स्वतःचा स्वयंपाक वेगळा करत. मग एकेक बंधन गळत गेलं, आणि १९०० साली त्यांनी स्वतःच्या पटण्यानं बाप्तिस्मा घेतला. 'छप्पन्नचा दुष्काळ' म्हणतात त्या मोठ्या दुष्काळाचा तो काळ. टिळकांच्या घरात पोरकी मुलं येऊन राहू लागली. ज्या घरात उद्याच्या पिठाची खात्री नाही, तिथं जेवणारी तोंडं वाढली. व्यवहाराच्या चष्म्यातून हा वेडेपणाच. पण पोरांच्या वेण्या घालणाऱ्या, त्यांची भांडणं सोडवणाऱ्या बाईला स्वतःच्या काळजीशी गप्पा मारायला वेळ राहत नाही.

१९१९ मध्ये टिळक गेले. त्यांचं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य सुरुवातीच्या काही अध्यायांवरच थांबलं होतं. लक्ष्मीबाईंनी ते पुढे लिहायला घेतलं आणि पुरं केलं. शोक, श्रद्धा आणि काम यांत इथं फट दिसत नाही. आणि त्यांचा विनोद! त्याला मी प्रार्थनेच्या खालोखाल जागा देतो.

आता चाळीकडे परत येऊ. विरंगुळ्याचा वाईट नमुना शोधायला वरळीकराला लांब जावं लागत नाही. मटक्याच्या एका प्रकाराला तर आमच्या वरळीचंच नाव लागलं होतं. दिवसभर साच्यावर उभा राहिलेला माणूस संध्याकाळी एक आकडा लावायचा आणि निकाल येईपर्यंत त्याला घरभाड्याची आठवण नसायची. विरंगुळा होता, नाही कशाला म्हणू? दुसऱ्या दिवशी जुन्या काळजीत देण्याची भर पडायची. आता ते काम मोबाईल करतो. रात्री दीडला डोळे ताणून रील्स बघणारा मुलगाही घोर विसरायलाच बघत असतो. मी त्याला नावं ठेवत नाही. विरंगुळा संपल्यावर हातात काय उरलं आणि शेजारी कोण होतं, एवढं त्यानं स्वतःला विचारावं. मटका एकट्याचा. कॅरमला निदान समोर एक माणूस लागतो.

खेळाची ही बाब ख्रिस्ती कार्यकर्त्यांनी फार गंभीरपणे घेतली होती. बास्केटबॉल १८९१ मध्ये आणि व्हॉलीबॉल १८९५ मध्ये निघाला, दोन्ही अमेरिकेतल्या वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेच्या शिक्षकांनी शोधलेले. थंडीत कोंडून पडलेल्या तरुण पोरांना काय खेळायला द्यायचं, या विवंचनेतून बास्केटबॉल जन्माला आला. आपल्याकडे नागपाड्याला अमेरिकन मराठी मिशननं १९२० च्या दशकात 'नेबरहूड हाऊस' सुरू केलं. क्लिफर्ड मॅन्शार्ट हे त्याचे चालक. धर्म न विचारता कामगार वस्तीतल्या सगळ्यांना तिथं दार उघडं होतं. वाचायला जागा, औषधोपचार, व्याख्यानं, खेळ. नागपाड्याला बास्केटबॉलचं जे वेड लागलं ते आजतागायत उतरलेलं नाही. आणि याच घरात १९३६ मध्ये समाजकार्य शिकवणारी सर दोराबजी टाटा यांच्या नावाची शाळा भरू लागली, जिला आपण आज 'टिस' म्हणून ओळखतो. पाळकानं प्रवचन द्यावं की पोरांना चेंडू द्यावा, असा प्रश्न त्या लोकांना पडला नव्हता.

पण घरी आलेल्या येशूनं कामात गुंतलेल्या मार्थेला टोकलं होतं ना, असं बायबल वाचणारे श्रोते म्हणतील. टोकलं होतं. पण कामाबद्दल नव्हे, कामातल्या तगमगीबद्दल. भांडी घासतानाही माणूस काळजीच घासत असेल, तर तो विरंगुळा झालाच नाही. अशा वेळी भांडी ठेवून द्यावीत आणि जांबोरी मैदानाला दोन फेऱ्या माराव्यात. वर घारी फिरत असतात. त्या पेरत नाहीत, साठवत नाहीत. येशूनं पाखरांकडे बघा म्हटलं, तेव्हा मान वर करून खरोखर बघायलाच सांगितलं होतं, असं मी समजतो.

काही घोर मात्र घारींनी आणि कॅरमनं हटत नाहीत. कारण नसताना छातीत धडधड, आठवडेच्या आठवडे झोप नाही, घराबाहेर पाय निघत नाही, जगू नये असं वाटणं. इथं डॉक्टर हवा, आणि डॉक्टरकडे जाण्यात अविश्वास नाही. पौलाबरोबर प्रवासात लूक असायचा आणि तो वैद्य होता. पोटाच्या तक्रारीसाठी औषध म्हणून थोडा द्राक्षारस घे, असं पौलानं आपला सहकारी तीमथ्य याला लिहिलं, 'नुसती प्रार्थना कर' असं लिहिलं नाही. केंद्र सरकारची 'टेली मानस' ही सेवा २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६. दिवसरात्र कधीही लावा, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. शेजारच्या घरात कोणी गप्प गप्प झालं असेल तर त्यांच्यासाठीही लिहून ठेवा.

चाळीचे गोडवे गायला मी बसलेलो नाही. एकशे साठ फुटांत दहावीचा अभ्यास आणि आजारी आजोबा एकत्र म्हणजे काय, ते मला माहीत आहे. मुलींना रात्री सामाईक संडासाकडे जाताना कोणाला तरी उठवावं लागे, हाही घोरच. त्यामुळे चाळींच्या पुनर्विकासात १४ ऑगस्ट २०२५ ला वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना चाळीस मजली इमारतींतल्या घरांच्या चाव्या मिळाल्या, त्याचा आनंदच आहे. पाचशे चौरस फूट, घरात संडास, हक्काची जागा. पण दार आता बंद राहतं. लिफ्टमध्ये माणसं भेटतात ती मजला येईपर्यंत. आई ज्या गॅलरीत लाटणं घेऊन बसायची ती गॅलरी या नकाशात नाही, आणि मेंटेनन्सचा घोर नव्यानं आला आहे.

सोसायटीच्या सभा होतील तेव्हा पार्किंगवर आणि पाण्याच्या टाकीवर तासन् तास चर्चा होईल. व्हायलाच हवी. त्या कार्यक्रमपत्रिकेत आणखी दोन विषय घालावेत असं मी सुचवतो. कॅरमबोर्ड कुठं लावायचा, आणि भजनाला, बुद्धवंदनेला, आमच्या प्रार्थनेला हॉल कोणकोणत्या वारी मिळणार. जे अजून जुन्या चाळीत किंवा संक्रमण शिबिरात आहेत, त्यांनी तर हे आताच ठरवून घ्यावं. ताबा मिळाल्यावर प्रत्येकाला आपापल्या दाराच्या लॅचचंच काम जास्त असतं.