नोहाचे इंद्रधनुष्य
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला विषय दिला तो ‘धर्म आणि निसर्ग’ हा. विषय मोठा, आणि तो चहापूर्वी संपवायचा. म्हणून एकाच ठिकाणची हकीकत सांगते.

पॅसिफिक महासागरात तुवालू नावाचा देश आहे. नऊ लहान बेटे आणि माणसे सारी अकरा हजारांच्या आसपास. बेटे पोवळ्यांची, जमीन समुद्रापासून सरासरी दोनच मीटर उंच. नदी नाही, डोंगर नाही. पावसाचे पाणी जमिनीत मुरते आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर पातळ थर होऊन राहते. त्या थरापर्यंत खड्डे खणून तेथील लोक ‘पुलाका’ लावतात. पुलाका म्हणजे आपल्या अळूचेच थोरले भावंड. त्याचा कंद शिजवून खातात. आता मोठ्या भरतीला समुद्र किनारा ओलांडून येतो, इतकेच नव्हे, तर सच्छिद्र जमिनीतून खालूनही वर येतो. खड्ड्यात खारे पाणी शिरले की कंद कुजला. मग घरच्या कंदाच्या जागी बोटीने आलेला तांदूळ चुलीवर चढतो, आणि तो विकत घ्यावा लागतो. ज्या बाईला घर चालवायचे आहे तिला याचा अर्थ सांगायला नको.

हे लोक बहुतेक सगळे ख्रिस्ती, आणि मोठे श्रद्धाळू. बायबलात नोहाची गोष्ट आहे, आपल्याकडील मनू आणि मत्स्याच्या कथेसारखी. प्रलय ओसरल्यावर देवाने आकाशात धनुष्य ठेवले आणि वचन दिले की, पुन्हा असा प्रलय करणार नाही. तेव्हा समुद्र चढतो आहे असे शास्त्रज्ञ सांगू लागले, तर तुवालूतील कित्येक वडीलधारी माणसे इंद्रधनुष्याकडे बोट दाखवीत. देवाने शब्द दिला आहे, मग भय कशाचे?

याला हसू नये. आपल्या मातीतून उठायचे नाही, असे ज्याच्या मनात आहे त्याला तेवढाच आधार असतो. परंतु त्याच श्रद्धेतून पुढे जे निघाले ते मला अधिक मोलाचे वाटते. २००४ साली मार्च महिन्यात पॅसिफिकमधील चर्चची मंडळी शेजारच्या किरिबाटी देशात जमली आणि त्यांनी ‘ओटिन ताई’ नावाचा जाहीरनामा काढला. त्यात त्यांनी स्पष्ट म्हटले की, हा बदल माणसाने घडविलेला आहे. म्हणजे वचन देवाने मोडलेले नाही. कोळसा आणि तेल जाळून हवा तापली, तापलेले पाणी फुगले, हिमनद्या वितळल्या. आणि जाळणारे कोण? जगाच्या एकूण धुरात या बेटांचा वाटा हजारात एक भागही नाही.

फिजीमधील वुनिदोगोलोआ या गावाला तर २०१४ साली उठावेच लागले. गाव सुमारे दोन किलोमीटर आत, चढावर गेले. लोकांनी आपल्याच रानातले लाकूड घरांसाठी दिले आणि नव्या जागेला नाव ठेवले ‘केनानी’, म्हणजे बायबलातील कनान, देवाने देऊ केलेली भूमी. विस्थापितांच्या वसाहतीला असे नाव द्यायला छाती लागते.

तुवालूने २०२३ साली ऑस्ट्रेलियाशी करार केला. वर्षाला २८० माणसांना तेथे कायमचे राहता येईल. नावे चिठ्ठी टाकून निघतात. २०२५ साली पहिल्या चिठ्ठीसाठी देशातील निम्म्याहून अधिक लोकांची नावे आली. कराराचे नाव ‘फालेपिली’, म्हणजे आपला शेजारधर्म. शब्द गोड आहे. परंतु ऑस्ट्रेलिया कोळसा विकणारा मोठा देश. शेजाऱ्याला घरात घ्यायचे आणि त्याचे घर जाळणारी चूल पेटती ठेवायची, याला शेजारधर्म म्हणावे काय?

येथे दया आणि न्याय यांत फरक आहे. २०१९ च्या महापुरात आपण सांगली-कोल्हापूरकडे लुगडी, भांडी, धान्य पाठविले. ते योग्यच केले. पण ती दया. वानुआतूच्या राजधानीत कायदा शिकणाऱ्या २७ विद्यार्थ्यांनी त्याच वर्षी निराळा प्रश्न उचलला: नुकसान करणाऱ्याचे कर्तव्य काय? त्यांची मागणी संयुक्त राष्ट्रांपर्यंत पोहोचली, आणि २३ जुलै २०२५ रोजी हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिले की, हवामानाचे रक्षण हे राष्ट्रांचे कायदेशीर कर्तव्य आहे आणि ते मोडल्यास भरपाईही द्यावी लागू शकेल. हे मत सल्ल्याचे आहे, हुकूम नव्हे. तरी भीक मागणारा आता हक्क सांगू लागला, हे काही थोडे नव्हे.

आपण कोठे बसतो? एकूण धुरात आपला देश चीन आणि अमेरिकेच्या मागोमाग तिसरा. माणशी हिशेब केला तर जगाच्या सरासरीहून बराच खाली. पण ही सरासरी फसवी. तिच्यात वातानुकूलित खोलीत झोपणारी गृहिणी आहे आणि तिच्याकडे भांडी घासून पत्र्याच्या खोलीत परतणारी बाईही आहे. उन्हाळ्यात रात्री कोणाला झोप लागत नाही, हे आपल्या गल्लीतही पाहता येईल. पुढच्या महिन्याच्या सभेत कामाला येणाऱ्या बायकांनाच बोलवावे आणि त्यांचे ऐकावे, अशी माझी सूचना आहे. चिटणीसबाईंनी ती नोंदवून घ्यावी.

बेटांचा नकाशा मागच्या भिंतीवर लावला आहे. ठिपके फार बारीक आहेत, चष्मा लावून पाहावेत.