धोका टळला, तरी शरीर जागंच

‘झालं ते झालं, आता विसर ना!’ मोठ्या अपघातातून किंवा अत्याचारातून वाचलेल्या माणसाला हे घरोघरी ऐकवलं जातं. सांगणाऱ्याच्या मनात मायाच असते. पण ऐकणाऱ्याच्या शरीरात काय चाललंय हे कळलं, तर आपण असं बोलणार नाही.

संकट दिसताच मेंदूतला अमिग्डाला हा भाग धोक्याची सूचना देतो. मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी ॲड्रेनलिन सोडतात, छाती धडधडू लागते. काही मिनिटांत कॉर्टिसॉलही वाढतं. ते अंगात ताकद आणतं, आणि पुढे हीच सगळी धावपळ थांबवायलाही मेंदूला सांगतं. म्हणजे ब्रेकचं कामही त्याचंच.

आघातानंतर जडणाऱ्या ज्या विकाराला डॉक्टर पीटीएसडी म्हणतात, त्यात कॉर्टिसॉल खूप वाढलेलं असणार, असं कुणालाही वाटेल. पण 1980च्या दशकात अमेरिकेत, व्हिएतनाम युद्धावरून परतलेल्या आजारी सैनिकांच्या तपासणीत ते कमी आढळलं. ॲड्रेनलिनसारखंच काम करणारं नॉरॲड्रेनलिन मात्र जास्त होतं. पुढे संशोधक रेचल येहुदा यांना नाझी छळातून वाचलेल्या ज्यूंपैकी हा विकार असलेल्यांतही कॉर्टिसॉल कमीच दिसलं. प्रत्येक रुग्णात असं आढळत नाही, म्हणून केवळ रक्त तपासून निदान होत नाही.

मेंदूतला हिप्पोकॅम्पस आठवणींना स्थळकाळाचा संदर्भ देतो. या रुग्णांत तो बहुधा लहान दिसतो. आघातानेच तो आक्रसला असेल का? 2002 साली जुळ्या भावांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात युद्धावर गेलेल्या आजारी सैनिकांच्या, स्वतः कधीच युद्धावर न गेलेल्या भावांचाही हिप्पोकॅम्पस लहान निघाला. म्हणजे काहींच्या बाबतीत तो आधीपासूनच तसा असावा. मला हे फार मोलाचं वाटतं. एकाच संकटातून दोघे जातात, एक सावरतो, दुसरा रात्ररात्र दचकून उठतो. अशा वेळी दुसऱ्याला भित्रा म्हणणं हा अन्याय आहे.

या विकारावर उपाय आहेत. प्रशिक्षित समुपदेशकाच्या मदतीने त्या आठवणींना हळूहळू सामोरं जाण्याची उपचारपद्धती अनेकांना गुण देते. गरजेप्रमाणे डॉक्टर औषधंही देतात. घटनेला महिना उलटला, तरी भयंकर स्वप्नं, दचकणं, त्या जागेचं नाव टाळणं थांबत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा क्रमांक आहे 14416. तो मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो, आणि तिथे मराठीतही बोलता येतं. आपल्या घरात असं कुणी असेल, तर हा क्रमांक आजच त्यांना लिहून द्या.