प्रौढांची नवी अक्षरओळख



या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे असा रिवाज आहे. माझे शिक्षण म्हणाल तर रात्रशाळेतल्या आठ इयत्ता. पुढचे युनियनच्या कचेरीतल्या पुस्तकांच्या कपाटाने दिले. तेव्हा शास्त्र सांगण्याचा माझा अधिकार नाही. जे पाहिले तेवढेच सांगतो.

माझे वडील मुंबईच्या एका गिरणीत साचेवाले होते. 18 जानेवारी 1982 रोजी संप सुरू झाला तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांतले कितीतरी पुन्हा आत गेलेच नाहीत. वडील एका इमारतीवर रखवालदार झाले. साच्याचा आवाज बदलला की पाठमोरे असूनही ओळखणारा हा माणूस! चारी बाजूंना लक्ष, मालाचा हिशेब, नवख्याला शिकविण्याची हातोटी, हे सारे त्यांच्यापाशी होते. पण काम मागायला गेले की ते एवढेच सांगत, "मला साचा येतो." आणि साचा तर बंद पडला होता. एका कामातून दुसऱ्या कामात नेता येईल असे आपल्याजवळ काही आहे, हे त्यांना कधी कोणी सांगितलेच नाही.

आज दर गुरुवारी संध्याकाळी आम्ही प्रौढांचा वर्ग घेतो. कंत्राटी सफाई कामगार, रखवालदार, हमाल, अशी वीस-बावीस माणसे येतात. पहिल्या वर्षी आम्ही मोठी चूक केली. मोबाईलवर 'येथे दाबा, मग तेथे दाबा' असे शिकविले आणि मंडळींनी ते वहीत उतरवून घेतले. पुढे पडद्याचा चेहरामोहरा बदलला, आणि सारा वर्ग कोरा! मोबाईल शिकविण्याच्या नावाखाली आम्ही पुन्हा एकच साचा शिकवीत होतो.

मग आम्ही मोबाईल बाजूला ठेवला आणि पगाराची चिठ्ठी हाती घेतली. भविष्यनिर्वाह निधीसाठी सामान्यतः 12 टक्के कापले जातात, आणि मालकानेही तेवढेच भरायचे असतात. पगार 10,000 धरला तर 1,200 झाले. आता पासबुक उघडा. 2014 पासून प्रत्येक कामगाराला बारा आकडी कायमचा क्रमांक आहे. नोकरी बदलली तरी तो बदलत नाही. पासबुकात मालकाच्या नावापुढे 367 रुपयेच दिसले, तेव्हा एक गृहस्थ ओरडले, "833 खाल्ले!" खाल्ले नव्हते, ते शेजारच्या रकान्यात, पेन्शनकडे गेले होते. पण तो आरडाओरडा मला फार आवडला. माणूस पडद्याला प्रश्न विचारू लागला होता.

पुढच्याच महिन्यात पन्नाशीच्या एका सफाई कामगार ताईंनी चिठ्ठ्या आणि पासबुक शेजारी-शेजारी ठेवले. "दादा, कागदावर चार महिने कापलेत, इथं काहीच नाही." या वेळी खरोखरच भरलेले नव्हते. अर्ज त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिला. तीन महिन्यांचे पैसे जमा झाले. चौथ्यासाठी आमचे हेलपाटे चालू आहेत. त्यांनी तीच जुळवाजुळव बचतगटाच्या वहीवर केली, तेव्हा गटाने हिशेब त्यांच्याकडे सोपविला. वहीतला हिशेब त्यांना वेगळा शिकवावा लागला नाही.

त्याआधी या ताईंचा पासवर्ड कोपऱ्यावरच्या दुकानदाराच्या वहीत होता. दर खेपेला त्याला शंभर रुपये, आणि आलेला ओटीपीही त्यालाच वाचून दाखवायचा! घरातली चावी परक्याच्या खुंटीला टांगावी, तसला हा प्रकार.

सरकारने काही केले नाही असे मी म्हणणार नाही. 2017 साली खेड्यांतील 6 कोटी घरांमागे एकेका व्यक्तीला संगणकसाक्षर करण्याची योजना निघाली. वीस तासांचा अभ्यासक्रम होता. पण घरातली ती एक व्यक्ती माझ्या पाहण्यात बहुधा मुलगाच असे. आई त्याच्या सवडीची वाट पाहत बसे. 2022 च्या 'उल्लास' कार्यक्रमात पंधरा वर्षांपुढील सर्वांसाठी अक्षरांबरोबर व्यवहार, मोबाईल आणि व्यवसायाचे शिक्षण धरले आहे. कागदावर हे उत्तमच आहे. प्रश्न वेळेचा आहे. आमच्या वर्गातल्या बाया साडेआठला उठतात, कारण नळाला पाणी येते.

पगारी शिक्षणरजेचा ठराव जिनीव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने 1974 सालीच केला आहे. आम्ही यंदाच्या मागणीपत्रकात आठवड्याचे दोनच पगारी तास मागितले आहेत. कंत्राटदाराचे उत्तर अजून आलेले नाही. तोवर वर्ग गुरुवारीच भरतो. फक्त सातऐवजी साडेसहाला सुरू होतो.