एकोणीस एकांची मूळ संख्या
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



"पोराला गणित झेपत नाही, गॅरेजवर लावतो," असे पालक आम्हा शिक्षकांना सांगतात. मुलगी असली तर "तिला गणित घेऊन काय करायचे?" असे विचारतात. म्हणून आज एका मोठ्या संख्येची ओळख करून देतो.

१ हा अंक ओळीने एकोणीस वेळा लिहा : १११११११११११११११११११. ही मूळ संख्या आहे. म्हणजे १ आणि ती स्वतः यांखेरीज कशानेही तिला निःशेष भाग जात नाही. एकांच्या फार थोड्या ओळी अशा निघतात. ११ मूळ आहे, पण १११ म्हणजे ३ × ३७ आणि १११११ म्हणजे ४१ × २७१. ११ नंतर मूळ ओळ येते ती थेट एकोणीस एकांची, मग तेवीस, मग ३१७ एकांची. १०३१ एकांच्या ओळीची सिद्धता १९८६ साली प्रसिद्ध झाली. ४९०८१ एकांची ओळ मूळ असल्याचे २०२२ साली संगणकाच्या साहाय्याने सिद्ध झाले.

हे तपासायचे कसे? एकोणीस एकांच्या संख्येचे वर्गमूळ सुमारे १०५ कोटी. तिथपर्यंत एकेका संख्येने भागत बसलो तर जन्म पुरणार नाही. येथे एक नियम कामी येतो. एकांची संख्या पाच किंवा त्याहून मोठी मूळ संख्या असेल, तर तिची दुप्पट करा. त्या दुपटीने ओळीच्या कोणत्याही मूळ अवयवाला भागले की बाकी १ च उरते. पाच एकांचे अवयव ४१ आणि २७१ पाहा. १० ने भागून बाकी १. सात एकांचे अवयव २३९ आणि ४६४९. १४ ने भागून बाकी १. एकोणीसाची दुप्पट ३८. म्हणजे दर ३८ संख्यांपैकी एकच तपासायची. ३७ भागाकार न करताच सुटले! गणित श्रम वाचवते ते असे.

एकांच्या ओळींचा नाद आपल्याच महाराष्ट्रातील एका शाळामास्तरांना होता. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणूला झाला. नोकरी देवळालीच्या शाळेत. १११ × १११ = १२३२१ अशा गमतीतून त्यांनी 'डेम्लो संख्या' मांडल्या; हे नाव डोंबिवली स्टेशनच्या जुन्या नावावरून. पदव्युत्तर पदवी नव्हती, प्रयोगशाळा नव्हती. तरी १९७५ साली अमेरिकेतील 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातून त्यांचे नाव जगभर गेले.

पालकहो, या विषयाला यंत्रसामग्री लागत नाही. वही, पेन्सिल आणि घरात तासभर शांतता लागते. मलकापूरच्या बाजारात कापसाचा हिशेब तोंडी करणाऱ्या बापाच्या लेकराला गणित येत नाही, हे मी मानत नाही. एका नापास चाचणीवरून मुलाचे, मुलीचे शिक्षण तोडू नका. दहावीपर्यंत तरी थांबा.

आणि विद्यार्थ्यांनो, अकरा एकांच्या ओळीचा एक अवयव शोधून आणा. बावीसने भागून बाकी १ उरणाऱ्या मूळ संख्याच तपासा. तीस हजारांच्या आत तो नक्की सापडेल.