रुग्णाशी बोलण्याचे शिक्षण
(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



शिक्षणसंस्थेच्या समारंभास आपण एका डॉक्टरला बोलावलेत, याबद्दल मी आभारी आहे. मीही शिक्षणाविषयीच बोलणार आहे. मात्र ते दवाखान्यातले. एम.बी.बी.एस. झाल्यावर एखाद्या विषयाचे पुढील शिक्षण घेत जो तरुण रुग्णालयातच राहतो आणि रात्रंदिवस राबतो, त्याला निवासी डॉक्टर म्हणतात. सरकारी रुग्णालयात गेलेल्या गरीब माणसाची पहिली गाठ बहुधा त्याच्याशीच पडते. तेव्हा त्याला काय शिकवले जाते, हा प्रश्न आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याचा आहे.

प्रथम माझीच एक चूक सांगतो. मी निवासी डॉक्टर होतो. एक शेतमजूर क्षयाच्या उपचारासाठी आला. त्या काळी हा उपचार वर्ष-दीड वर्ष चाले. मी त्याला सगळे समजावून सांगितले, निदान मला तसे वाटले. शेवटी विचारले, “समजलं का?” तो मान हलवून “हो साहेब” म्हणाला आणि गेला. सात-आठ महिन्यांनी परत आला तो हाडांचा सापळा होऊन. खोकला थांबताच त्याने औषध सोडले होते. मी त्याच्यावर भरपूर ओरडलो. तो खाली मान घालून म्हणाला, “साहेब, खोकला राहीस्तोवर गोळ्या खा, असंच तुम्ही सांगितलं होतं ना?” मी तसे सांगितले नव्हते. पण त्याने काय ऐकले, हे मी कधी विचारलेच नव्हते. त्यानंतर तो पुन्हा आला नाही. त्याचे पुढे काय झाले, याचा अंदाज मला आहे.

मित्रहो, “समजलं का?” या प्रश्नाला आपल्याकडे एकच उत्तर असते, “हो.” मोठ्या माणसापुढे नाही म्हणणे हा उद्धटपणा, असे आपण लहानपणापासून शिकतो. म्हणून प्रश्न बदलला पाहिजे. “घरी गेल्यावर बायकोनं विचारलं, डॉक्टर काय म्हणाले, तर काय सांगाल?” असे विचारावे. तो सांगू लागला की आपण कुठे कमी पडलो ते लगेच कळते. याला अर्धा मिनिट लागतो. हा अर्धा मिनिट मला कोणी शिकवला नव्हता.

दुसरी गोष्ट भाषेची. जालन्याच्या बाह्यरुग्ण विभागात मराठी, दखनी आणि तांड्यावरची गोरमाटी अशा तिन्ही बोली एकाच रांगेत उभ्या असतात. दूरच्या शहरातून आलेल्या डॉक्टरला एखादी बाई “अंगावरून जातंय” म्हणाली तर काय कळणार? “जीव घाबरा होतो”, “हातापायाची आग होते”, “कलेजा धडधड करता” हे शब्द त्याच्या पुस्तकात नाहीत. शिवाय बाईबरोबर नवरा किंवा सासू असते आणि उत्तरे तेच देतात. अशा वेळी सोबतच्यांना आदराने बाहेर बसवून, नर्सच्या उपस्थितीत त्या बाईला स्वतः बोलू देणे, हेही वैद्यकीय कौशल्यच आहे.

तिसरी गोष्ट माणसाच्या रीतीरिवाजाची. मधुमेहाचा रुग्ण रमजानचे रोजे धरणार की नाही, हे डॉक्टरने महिना-दीड महिना आधी विचारावे. “रोजे धरू नका” असे तुसडेपणाने सांगितले की रुग्ण हो म्हणतो, रोजे धरतो आणि औषधाचे काय केले ते लपवतो. आधी विचारले तर कोणाला धोका आहे ते समजावता येते, कोणाच्या औषधाची वेळ व मात्रा बदलता येते, साखर किती खाली गेल्यास रोजा सोडायचा तेही ठरवता येते. एकादशी आणि नवरात्र करणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

डॉक्टर म्हणतील, वेळ कुठे आहे? तक्रार खरी आहे. २०१७ साली अनेक देशांतील अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. डॉक्टर एका रुग्णाला सरासरी किती वेळ देतो? स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटे, बांगलादेशात ४८ सेकंद आणि आपल्या देशात सुमारे दोन मिनिटे. पण दोष सगळा वेळेचाच नाही. १९८४ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, रुग्ण बोलू लागल्यावर सरासरी १८ सेकंदांतच डॉक्टर त्याला मध्ये तोडतो. तिथे तर वेळेची इतकी टंचाई नव्हती! दोन मिनिटांतली पहिली अर्धी मिनिट रुग्णाची, एवढे पथ्य पाळले तरी पुष्कळ साधेल.

हा विचार नवा आहे असे समजू नका. १९४६ साली भोर समितीने प्रत्येक डॉक्टरला प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचे तीन महिन्यांचे शिक्षण द्यावे, असे सुचविले होते. १९७५ साली श्रीवास्तव समितीने वैद्यकीय शिक्षण गावाकडे वळविण्यास सांगितले. १९७८ साली आल्मा आटा येथे जगातील राष्ट्रांनी प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा केला. आपल्या शेजारी जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून, शाळेचे तोंड न पाहिलेल्या बायकांनाही आरोग्याचे उत्तम शिक्षण देता येते, हे प्रत्यक्ष दाखवून दिले. अहवाल मात्र बरीच वर्षे कपाटात राहिले.

आता थोडे हलू लागले आहे. २०१९ पासून एम.बी.बी.एस.च्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचा समावेश झाला. पदव्युत्तर निवासी डॉक्टरांना शिक्षणकाळात तीन महिने जिल्हा आरोग्ययंत्रणेत काम करणे सक्तीचे करणारा नियम २०२० साली निघाला आणि २०२३ च्या नियमावलीतही तो कायम राहिला.

जालन्याच्या दृष्टीने याला विशेष अर्थ आहे. आपला जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. मोठा आजार म्हटला की येथला माणूस ‘घाटी’ची वाट धरी, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादचे, आजच्या छत्रपती संभाजीनगरचे १९५६ सालचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. आता बदनापूर तालुक्यात वरुडी येथे अक्कलकुव्याच्या जामिया इस्लामिया इशाअतुल उलूम या संस्थेचे वैद्यकीय महाविद्यालय व नूर रुग्णालय आहे. जालन्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले. म्हणजे शिकाऊ डॉक्टर आता आपल्या दाराशी आले आहेत.

त्यांना नुसते वॉर्डात ठेवून चालणार नाही. सपाटीच्या भागात ३० हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असते. तिथे ताप, खोकला, रक्तदाब, बाळंतपण आणि विंचूदंश हेच खरे शिक्षण. मंठा किंवा घनसावंगी तालुक्यात त्याने आशाताईबरोबर चार घरे हिंडावीत. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाला सहा महिन्यांच्या गोळ्या कुठून मिळणार, एस.टी.च्या तिकिटाला आणि बुडालेल्या रोजाला किती पैसे पडतात, हे एकदा डोळ्यांनी पाहिले की “पुढच्या आठवड्यात या” हे वाक्य तो विचार करून उच्चारील. शिकविणाऱ्या ज्येष्ठांनीही तपासणीच्या वेळी शेजारी बसून विद्यार्थ्याचे बोलणे ऐकावे. ऑपरेशन जसे पाहून शिकवतात तसेच बोलणेही पाहून शिकवावे लागते.

आणि आपली संस्था? डॉक्टरची चिठ्ठी आजीला वाचून दाखविणारी मुलगी आपल्याच शाळेत शिकते. तिला एवढे शिकवा, की चिठ्ठी कळली नाही तर परत जाऊन विचारायचे, लाजायचे नाही. उद्या तिच्यातलीच एखादी डॉक्टर होईल. तिला तिन्ही बोली येत असतील. तिच्या टेबलासमोर तो शेतमजूर बसेल तेव्हा त्याने नुसते “हो” म्हटल्यावर तिने त्याला जाऊ देऊ नये, एवढीच माझी अपेक्षा आहे.