बर्फाकडे जाणारी गाडी : दिवसाची की रात्रीची?



नागपूरच्या वैशाखात, पारा चाळिशी ओलांडून गेलेला असताना, बर्फावर बोलायला उभे राहणे ही श्रोत्यांची थट्टा वाटेल. परंतु आमचा विषय बर्फ हा नव्हे. बर्फापर्यंत जाण्याची वाट हा आहे. बर्फावर घसरण्याचा जो खेळ स्कीइंग या नावाने ओळखला जातो, त्यासाठी आपल्याकडचा हौशी माणूस गुलमर्गला जातो. त्याने तेथे आगगाडीने जावे असे आता म्हणता येते. मग प्रश्न उरतो तो एवढाच की, दिवसाच्या गाडीने जावे की रात्रीच्या?

हा प्रश्न वेळापत्रकाचा आहे असे आपणांस वाटेल. आमच्या मते तो वृत्तीचा आहे.

प्रथम स्वित्झर्लंडला जाऊन येऊ. दावोसला आगगाडी पोचली १८९० साली आणि सेंट मॉरिट्झला १९०४ साली. उत्तर जर्मनीतून रात्री निघालेला माणूस गाडीत झोपतो, सकाळी झुरिचला उतरतो, पुढे लांडक्वार्टला अरुंद रुळांच्या गाडीत बसतो आणि दावोसचा चढ दिवसाउजेडी चढतो. मैदान रात्री ओलांडावे आणि डोंगर दिवसा चढावा, असा हा सरळ हिशेब आहे. मैदानात रात्रीने वेळ वाचतो. डोंगरात दिवसाने वाट कळते.

त्याच देशात १८८२ साली गॉटहार्डचा मार्ग खुला झाला. चढ साधण्यासाठी या मार्गाला डोंगराच्या पोटात वळसे घ्यावे लागले. त्यामुळे वासेन गावचे देऊळ प्रवाशाला तीन वेळा दिसते : आधी वर, मग समोर आणि शेवटी खाली. आपण किती चढलो हे सांगायला त्याहून सोपी खूण नाही. पुढे २०१६ साली त्या पर्वताच्या पायथ्यातून ५७ किलोमीटरचा नवा बोगदा झाला. त्यातून जाणाऱ्या वेगवान गाड्यांना वासेनचे देऊळ एकदाही दिसत नाही. मात्र अँडरमाटला स्कीइंगसाठी जाणाऱ्याला आजही जुन्याच मार्गाने गशेनेनला उतरून वर जावे लागते. घाई असणाऱ्याला बोगदा मिळाला आणि डोंगरावर जाणाऱ्याला डोंगर राहिला. ही वाटणी आम्हांला न्याय्य वाटते.

आता आपल्या वाटेकडे वळू. १९२७ साली गुलमर्गला स्की क्लब ऑफ इंडियाची स्थापना झाली. त्या काळी काश्मीरला जाणारे पुष्कळ लोक रावळपिंडीपर्यंत आगगाडीने येत आणि तेथून झेलमच्या काठाने बारामुल्लाकडे जात. १९४७ साली ती वाट बंद झाली. जम्मूला सियालकोटकडून आलेली रेल्वेही त्याच वेळी तुटली, आणि भारतातून जम्मूला पुन्हा प्रवासी गाडी पोचायला १९७२ साल उजाडले. त्यापुढचा डोंगर भेदायला आणखी अर्धशतक लागले. २००५ साली उधमपूर, २००८ पासून प्रत्यक्ष खोऱ्यातली गाडी, २०१३ साली पीर पंजालचा बोगदा, २०१४ साली कटरा, आणि ६ जून २०२५ रोजी शेवटचा दुवा जुळून कटरा ते श्रीनगर अशी गाडी निघाली. उधमपूर ते बारामुल्ला हा सारा मार्ग २७२ किलोमीटरांचा आहे.

नागपूर तर या वाटेवरच बसलेले आहे. कन्याकुमारीहून कटऱ्याला जाणारी हिमसागर एक्सप्रेस आपल्याच फलाटावरून पुढे जाते. एवढ्या लांबच्या प्रवासात एक रात्र तरी गाडीत काढावीच लागते, आणि त्याबद्दल आमची तक्रार नाही. वळकटी पसरावी आणि झोपावे. फक्त आपला सातपुडा तेवढा झोपेत जाऊ देऊ नये. बैतुल सोडल्यावर मरामझिरी ते धाराखोह या टप्प्यात गाडी बोगद्यांतून घाट उतरते. ज्याने आपल्या उंबऱ्यापुढचा घाट पाहिला नाही, त्याला हिमालय काय कळणार? पुढे नर्मदा येते, चंबळेच्या घळी येतात, काळी माती मागे पडते. देश बदलतो तो असा हळूहळू बदलतो, हे डोळ्यांनी पाहण्यासारखे आहे.

आता कोणी चाणाक्ष श्रोता आम्हांला अडवील. तो म्हणेल, "डोंगर दिवसा चढावा म्हणता, पण कटरा ते बनिहाल या १११ किलोमीटरांपैकी सुमारे ९७ किलोमीटर बोगदेच आहेत. मग दिवसाच्या गाडीत बसून पाहायचे काय?" आक्षेप खरा आहे. तेथे भर दुपारीही बहुतेक वेळ रात्रच असते. चिनाबवरचा पूल नदीच्या पात्रापासून ३५९ मीटर उंच आहे. पण त्याची जगप्रसिद्ध कमान गाडीतल्या माणसाला दिसत नाही, कारण तो तिच्या डोक्यावरून जात असतो!

तरीही आमचा कौल दिवसालाच आहे. का, ते सांगतो. पीर पंजालचा ११ किलोमीटरचा बोगदा संपला की काझीगुंडला खोरे उघडते. पॉप्लरच्या रांगा, सफरचंदाच्या बागा, पांपूरची केशराची शेते दिसू लागतात. बनिहाल ते बारामुल्ला धावणाऱ्या साध्या गाडीत बसलात तर कॉलेजची मुले, नोकरदार, बाजाराला निघालेल्या बायका शेजारी असतात. ही रेल्वे तुमच्याआमच्या खेळासाठी बांधलेली नाही. हिवाळ्यात महामार्ग बंद पडला की ज्यांचे दवाखाने, परीक्षा आणि बाजार अडतात, त्यांच्यासाठी ती आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये पावसाने आणि दरडींनी रस्ता अडला आणि सफरचंदांचे ट्रक जागच्या जागी खोळंबले, तेव्हा बडगामहून दिल्लीला फळांचे डबे जाऊ लागले. नाशवंत मालाला एकेक रात्र किती महाग पडते, हे संत्र्याच्या गावी आम्ही काय सांगावे?

आणि बर्फ? २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गची उतरण उघडी पडली होती. २०२५ साली खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धांचा तेथील भाग बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावा लागला. स्कीइंगला गेलेल्याची एक सहल त्यामुळे फुकट जाते. खोऱ्यातल्या शेतकऱ्याला मात्र तेच बर्फ उन्हाळ्यात भाताचे आणि बागेचे पाणी असते. जो माणूस झोपेत येऊन थेट उतरणीवर उभा राहतो, त्याला बर्फ म्हणजे क्रीडांगण एवढेच दिसते. जो ती शेते पाहत आला, त्याला ते कोणाच्या तरी घरचे पाणी आहे हे समजते. वऱ्हाड-नागपूरच्या माणसाला तर पाण्याची भाषा निराळी शिकवावी लागत नाही.

तेव्हा आमचे सांगणे थोडके आहे. मैदाने रात्री ओलांडा, शरीराला विसावा द्या. परंतु शेवटचा टप्पा उजेडी ठेवा, आणि श्रीनगरहून गुलमर्गचा सुमारे पन्नास किलोमीटरांचा रस्ताही उजेडीच चढा. खिडकीजवळची जागा मिळाली तर उत्तमच. न मिळाली तर शेजाऱ्याशी बोला. यंदा बर्फ किती पडले, हे त्याला विचारून पाहा. स्कीइंग शिकवणारे गुरू गुलमर्गला भेटतील; बर्फाची किंमत मात्र हा शेजारीच सांगेल.